अकरावीच्या पोरांना कॉलेजचं क्रेडिट, पण सही कुणाची?

आमची संस्था अकरावी-बारावीच्या पोरांना डिग्री कॉलेजचे कोर्स द्यायला निघालीय, तर अकरावीतल्या पोराला डिग्री कॉलेजचा पेपर झेपेल का यावर आमच्या स्टाफरूममध्ये परवा एवढा कीस पाडला गेला की दोघातिघांचे तास बुडाले, आणि खरं सांगू का, मला त्या वादात काही दमच वाटत नाही. झेपतो हो. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना झेपतो. मी संख्याशास्त्र शिकवते, आधी ज्युनियरला होते आता सीनियरला आहे, आणि एफवायला पहिला महिनाभर मी जे शिकवते ते बारावीच्या बऱ्या पोराला आधीच येत असतं, उलट बारावीनंतरच्या लांबलचक सुट्टीत ते विसरून येतात. त्यामुळे तो प्रश्न बाजूला ठेवा. मला पडलेला प्रश्न असा की तो पेपर कॉलेजच्या दर्जाचा आहे हे ठरवणार कोण आणि मार्कांखाली सही करणार कोण. यावर मात्र स्टाफरूममध्ये कुणी तोंड उघडेना, कारण उत्तर सगळ्यांना माहिती आहे आणि ते अवघड जागेचं दुखणं आहे.

झालंय काय, की आमच्या संस्थेची (नाव सांगत नाही, अजून नोकरी करायचीय) हायस्कूलं आहेत, ज्युनियर आहे, सीनियर आहे, आणि सीनियरच्या आर्ट्स-सायन्सच्या ॲडमिशन दरवर्षी खाली चाललेत. बारावी झाली की ज्याला शक्य तो हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला, राहिलेले इंजिनियरिंग नाहीतर फार्मसीला. मे-जूनमध्ये आम्ही प्राध्यापक मंडळी पत्रकं घेऊन मोहोळ, अक्कलकोट, मंद्रूपकडची गावं फिरतो, सोलापूरचा मे महिना काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. तर त्यातून कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की पोरगं अकरावीलाच धरून ठेवलं तर? म्हणजे अकरावी-बारावीत असतानाच त्याला सीनियरचे दोन-दोन क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे डिग्री पुरी करायला जमवायचे श्रेयांक) छोटे कोर्स द्यायचे, पायथन, संख्याशास्त्राची तोंडओळख, इंग्लिश कम्युनिकेशन असलं काहीतरी, आणि पुढे आपल्याकडेच बीए-बीएस्सीला आला की ते क्रेडिट ॲडजस्ट करायचे. कल्पना म्हणून वाईट नाही, मला तर आवडली. फक्त आम्हा शिकवणाऱ्यांना ती कळली गेटवरच्या फ्लेक्सवरून. "बारावीच्या आधीच डिग्रीचे क्रेडिट", खाली फी, अडीच हजार, आणि एक हसरी मुलगी जी आमच्या कॉलेजची नक्कीच नाही.

फ्लेक्स लागल्यावर मग तो विषय सीडीसीत आला. सीडीसी म्हणजे महाविद्यालय विकास समिती, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६, कलम ९७. आधीच्या १९९४च्या कायद्यात हिलाच एलएमसी, लोकल मॅनेजिंग कमिटी, म्हणायचे. यात संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, प्राचार्य सदस्य-सचिव, एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक (त्यात एक तरी बाई), एक शिक्षकेतर, संस्थेने नेमलेले चार बाहेरचे लोक, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे दोघं. वर्षातून निदान चार बैठका. नवीन कोर्स सुरू करायचा असेल तर त्याची शिफारस याच समितीने मॅनेजमेंटकडे करायची, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे रस्ता आहे, पण आमच्याकडे लोक रस्ता झाल्यावर भूमिपूजन करतात. मी त्या तिघांतली एक आहे, निवडून आलेली, म्हणजे दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून बिनविरोध.

अजेंड्यावर हा विषय नव्हताच. तो आला "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या सदरात, चहा आल्यावर. ज्यांनी आयुष्यात एक तरी अशी मीटिंग केलीय त्यांना माहितीय की खरी मीटिंग तिथेच असते, त्याच्या आधी सगळं पाण्याची टाकी, कंपाउंड आणि नॅकच्या मूल्यांकनाची तयारी.

आता इथे थोडं अमेरिकेकडे जाऊन येते, कारण फ्लेक्सवाल्यांचं म्हणणंच होतं की "अमेरिकेत हे सगळीकडे आहे मॅडम". आहे, बरोबर आहे. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात राहते, तिची लेक हायस्कूलला असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा (तिकडचं दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज) संख्याशास्त्राचा कोर्स करतेय, आणि भाची मला गृहपाठातल्या शंका व्हॉट्सॲपवर विचारते म्हणून मला त्याचा सिलॅबस अगदी आतून बघायला मिळाला. चांगला आहे, आमच्या एफवायच्या तोडीचा. त्याला तिकडे ड्युअल एनरोलमेंट म्हणतात, एकच कोर्स हायस्कूललाही धरला जातो आणि कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरही चढतो. एपी, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणून जो प्रकार आपल्याकडच्या श्रीमंत शाळांना माहितीय तो वेगळा, त्यात क्रेडिट मिळतं ते शेवटच्या एका परीक्षेवर. ड्युअलमध्ये मात्र कोर्सभरच्या कामावर खऱ्या कॉलेजचा ग्रेड मिळतो. हे काही आजचं नाही. सिराक्यूज युनिव्हर्सिटीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आजूबाजूच्या हायस्कूलांत आपले कोर्स नेले, शेवटच्या वर्षाला बरेच विषय संपवून रिकामी बसलेली पोरं कंटाळतात म्हणून. मिनेसोटा राज्याने १९८५ला तर कायदाच केला. २०२२-२३ या वर्षात अमेरिकेत साधारण २५ लाख हायस्कूलच्या पोरांनी असा एक तरी कोर्स घेतला होता.

पण हे "सगळीकडे आहे" म्हणणारे पुढचं वाक्य सांगत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात अभ्यासक्रमाच्या बाबतीत बोर्डाला (म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या विश्वस्त मंडळाला) आपल्या मनाने काही करता येत नाही. १९८८ला त्यांनी एबी १७२५ नावाचा कायदा केला, त्यानंतरच्या नियमांत अकरा बाबी लिहून ठेवल्यात, त्याला ते टेन प्लस वन म्हणतात (आपलं टेन प्लस टू, त्यांचं टेन प्लस वन, असो). त्यात अभ्यासक्रम आला, कोर्सला बसायची पूर्वअट आली, ग्रेड कसे द्यायचे ते आलं, विद्यार्थ्याची तयारी किती असावी तेही आलं. या बाबींत बोर्डाने एकतर प्राध्यापकांच्या ॲकॅडेमिक सेनेटचं म्हणणं मुख्य मानून चालायचं, नाहीतर सेनेटबरोबर बसून दोघांच्या संमतीने ठरवायचं. आपल्या युनिव्हर्सिटीच्या सिनेटशी याची गल्लत करू नका. आपल्या अधिसभेत संस्थाचालक असतात, प्राचार्य असतात, पदवीधर मतदारसंघातून आलेले असतात, राज्यपालांनी नेमलेले असतात. त्यांची सेनेट म्हणजे फक्त शिकवणारे. आणि ही काही कॅलिफोर्नियाची हौस नाही, १९६६लाच तिकडच्या प्राध्यापकांच्या संघटनेने, एएयूपीने, कॉलेजांच्या आणि विश्वस्तांच्या संघटनांबरोबर बसून एक निवेदन काढलं होतं की अभ्यासक्रम, विषय, शिकवायची पद्धत यात मुख्य जबाबदारी शिक्षकांची.

मग २०१५ला कॅलिफोर्नियाने हायस्कूलच्या पोरांसाठी आणखी एक कायदा केला, एबी २८८. तो मी सवडीने वाचला, पूर्ण नाही पण महत्त्वाचा भाग, आणि वाचताना आमचा फ्लेक्स सारखा डोळ्यासमोर येत होता. त्यात असं की कॉलेज आणि शाळा यांनी करार करायचा तर तो दोन्हीकडच्या बोर्डांच्या जाहीर बैठकीत मांडायचा, आधी नुसती माहिती म्हणून, मग पुढच्या बैठकीत लोकांचं ऐकून घेऊन मंजुरी. (ही दोन बैठकांची अट नंतर ढिली केली.) कराराखाली आलेल्या पोरांकडून कोर्सची फी घ्यायची नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली अट, करारात लिहून द्यायचं की कॉलेजचा प्राध्यापक शाळेत येऊन शिकवणार असेल तर त्याच्यामुळे तोच विषय शिकवणाऱ्या शाळेतल्या सरांची नोकरी गेलेली नाही, आणि शाळेतले सर कॉलेजचा कोर्स शिकवणार असतील तर कॉलेजच्या प्राध्यापकाची गेलेली नाही. आपल्याकडे एवढं वाक्य जरी कुणी करारात घातलं ना, तर सही करायला पेन सापडणार नाही.

एवढं सगळं असूनही तिकडे भांडणं आहेतच. प्राध्यापक म्हणतात की प्रशासनाला पटावर आकडे हवेत म्हणून शाळांबरोबर धडाधड करार होतात आणि आम्हाला नंतर कळतं. हायस्कूलमध्ये बसून शिकवलेला कोर्स आणि कॉलेजात बसून शिकवलेला कोर्स खरंच सारखा का, हाही वाद आहे, त्यासाठी चांगल्या ठिकाणी कॉलेजचा त्या विषयाचा प्राध्यापक शाळेतल्या सरांबरोबर जोडून देतात, तो तासाला येऊन बसतो, पेपर बघतो. क्रेडिट दुसरीकडे चालेलच असंही नाही, राज्याच्या युनिव्हर्सिटीत बहुतेक चालतं, खाजगी नामांकित ठिकाणी पुष्कळदा नाही. आणि पालकांना कुणी सांगत नाही ती गोष्ट, की सोळाव्या वर्षी पडलेला वाईट ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमचा राहतो आणि पुढे आर्थिक मदत मिळताना आडवा येऊ शकतो. असे कोर्स केलेली पोरं पुढे कॉलेजात जास्त जातात, हे दिसतं, पण मुळात चुणचुणीत पोरंच निवडली जातात म्हणून तसं दिसतं का, यावर अभ्यासकांचं अजून चालूच आहे.

परत आपल्याकडे.

गंमत अशी की आपल्याकडे अकरावीचं पोरगं कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये आधीपासूनच बसलंय. गेट तेच, कँटीन तेच, पार्किंगमधली मारामारी तीच. माझे वडील अकरावीला मॅट्रिक झाले आणि लगेच प्री-डिग्रीला कॉलेजात गेले, तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या पेपरावर थेट विद्यापीठाचा शिक्का असायचा आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मग १९७०च्या दशकात दहावी-बारावीचा आकृतिबंध आला आणि एकाच बिल्डिंगमधून एक न दिसणारी भिंत गेली. ज्युनियर बोर्डाचं, त्याचा साहेब शिक्षण उपसंचालक. सीनियर विद्यापीठाचं, त्याचा साहेब उच्च शिक्षण सहसंचालक. ज्युनियरच्या सरांना बीएड पाहिजे, सीनियरला नेट-सेट नाहीतर पीएचडी. त्यांची सेवा खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९८१च्या एमईपीएस नियमांत, आमची विद्यापीठाच्या कायद्यात. एकाच स्टाफरूममध्ये दोन कपाटं आणि दोन हजेरीपट, काही ठिकाणी तर चहाचा हिशोबपण वेगळा. मी दोन्हीकडे शिकवलंय म्हणून सांगते, पोरांत फरक नाही, कागदात आहे.

तर ही भिंत कुठेतरी फोडायची असेल तर मी हातोडा घेऊन तयार आहे. नवीन शैक्षणिक धोरण आलं, स्वायत्त कॉलेजात २०२३-२४ पासून आणि आमच्यासारख्या संलग्न कॉलेजात २०२४-२५ पासून, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा निवडीचा विषय), व्हर्टिकलच्या त्या टेबलाने सगळ्यांचं डोकं फिरवलं, पण त्यातच नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क म्हणून जे २०२३च्या एप्रिलमध्ये आलं त्यात शाळेपासून पीएचडीपर्यंत क्रेडिट मोजायची एकच पट्टी सांगितलीय, ३० तासांच्या शिकण्याला एक क्रेडिट, वर्षाचे १२०० तास, ४० क्रेडिट. आयआयटी मद्रास शाळेतल्या पोरांना ऑनलाइन कोर्स देतंच आहे. म्हणजे दिशा तीच आहे. (आमचे एक सर याला सारखं ड्युअल डिग्री म्हणतात. ड्युअल डिग्री म्हणजे २०२२ला यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली ते, त्याचा बारावीच्या आधीच्या पोरांशी संबंध नाही. सरांना सांगून झालंय.)

आणि सोलापूरला तर याची जास्त गरज आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नीट-जेईईवाली पोरं काही या कोर्सला येणार नाहीत, ती क्लासमध्ये आणि कॉलेजच्या हजेरीवर एकाच वेळी असतात, तो चमत्कार वेगळ्या पोस्टचा विषय. पण पूर्व भागातली, घरात आई बिड्या वळतेय आणि वडील यंत्रमागावर आहेत, घरी तेलुगू बोलतात आणि शिकतात मराठीतून नाहीतर इंग्लिशमधून, अशी कितीतरी पोरं बारावी आर्ट्स-कॉमर्सला असतात ज्यांच्या घरात कॉलेज बघितलेलं कुणी नसतं. त्यांना बारावीच्या आधी एकदा कॉलेजचा खरा कोर्स करून "हे मला जमतंय" असं कळलं तर त्याची किंमत मोठी आहे, विशेषतः मुलींना, कारण बारावी झाली की घरात स्थळांची चर्चा सुरू होते आणि हातात काहीतरी सुरू असलेलं असलं तर ती चर्चा वर्षभर ढकलता येते. त्यांच्याकडून अडीच हजार घेऊन त्यांना खोटं क्रेडिट देणं मला बघवत नाही, एवढंच.

खोटं का म्हणते? कारण संलग्न कॉलेजला स्वतःच्या मनाने डिग्रीचं क्रेडिट देताच येत नाही. सिलॅबस ठरतो केगावला, विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात, मग विद्याशाखा, मग विद्यापरिषद. कॉलेज फार तर स्वतःचं सर्टिफिकेट देऊ शकतं, त्याला क्रेडिट म्हणणं म्हणजे कुठल्याही चादरीला सोलापुरी म्हणून लेबल लावून विकणं. मी मीटिंगमध्ये साधे प्रश्न विचारले. पोराचा विद्यापीठाकडे पीआरएनच, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकच, नाही तर क्रेडिट जमा कुठे करणार? दोन क्रेडिट म्हणजे ६० तासांचं शिकणं, पत्रकावर आठ रविवार दोन-दोन तास लिहिलेत, सोळा तास होतात, बाकीचे कुठे गेले? पेपर कोण काढणार, कोण तपासणार? पोरगं नापास झालं तर? पुढे दुसऱ्या कॉलेजात गेलं तर? यावर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही निगेटिव्ह बोलता, आधी सुरू तर करू."

शिकवणार कोण तेही ठरलेलं होतं. तासिका तत्त्वावरचे. म्हणजे सीएचबीची पोरं, नेट-सेट झालेली, पस्तिशी ओलांडलेली तरी आम्ही त्यांना पोरंच म्हणतो, ज्यांचे वर्षभराचे तासांचे पैसे कधी येतील याचा नेम नसतो. सीडीसीत शिक्षक प्रतिनिधी निवडायला मत पूर्णवेळ शिक्षकांना, यांना नाही. ज्युनियरच्या सरांना तर या कायद्यात धरलेलंच नाही, पोरं त्यांची असली तरी. म्हणजे ज्यांच्या वर्गातली पोरं घ्यायची ते बैठकीत नाहीत, ज्यांनी शिकवायचं ते नाहीत, आणि आत बसलेल्यांपैकी तो विषय शिकवणारी मी एकटी. शासकीय भाषेत याला सहभागी निर्णयप्रक्रिया म्हणत असतील.

संस्थेलाच झोडपायचं तर सोपं आहे, पण आपली प्राध्यापक मंडळीही काही कमी नाहीत. अभ्यासमंडळाच्या बैठकीला जाताना सिलॅबसपेक्षा टीए-डीएचा फॉर्म आधी आठवतो. अजेंडा कुणी उघडत नाही. हे कोर्स आले तर वर्कलोड दाखवता येईल, पदं वाचतील, म्हणून गप्प बसलेले बरेच आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही, आर्ट्समध्ये तर एक-एक पद वाचवायला काय काय करावं लागतं ते मी बघतेय. पण मग तेच ठरावात लिहा ना की वर्कलोडसाठी कोर्स काढतोय. एका सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कशाला डोकं लावता बे, दोन वर्षांत फ्लेक्स उन्हाने फाटतोय अन् कोर्सपण बंद पडतोय." शक्य आहे. पण त्या दोन वर्षांत पैसे भरलेली पोरं कुठे दाद मागणार?

मी लेखी दिलंय. कोर्स करा, पण क्रेडिट हा शब्द विद्यापीठाचं पत्र येईपर्यंत काढा. सिलॅबस त्या-त्या विभागाच्या बैठकीत ठरवा आणि त्या बैठकीला ज्युनियरचे सर आणि सीएचबीचे लोक बोलवा, मत नसलं तरी बोलू द्या. विद्यापीठाकडे रीतसर प्रस्ताव पाठवा की बारावीच्या आधी केलेला कोर्स पुढे ओपन इलेक्टिव्हमध्ये धरता येईल का, नाही म्हणाले तर नाही. फी आमच्याच शाळांच्या पोरांना माफ करा, निदान मुलींना. फीचा मुद्दा वाचून प्राचार्य हसले, पण वाईट हसले नाहीत, त्यांनी पण आयुष्यभर शिकवलंय.

मीटिंगमध्ये मी माझा विरोध नोंदवा म्हणून दोनदा सांगितलं होतं. इतिवृत्त हातात आलं त्यात लिहिलंय, "सदर विषयावर सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर." सविस्तर चर्चा म्हणजे चहा संपेपर्यंत. आता पुढची बैठक गड्ड्याची यात्रा झाल्यावर, आणि तिथे पहिला विषय कायम ठरलेला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो विषय आमच्याकडे अर्ध्या मिनिटात संपतो. यावेळी मी तिथेच अडवणार आहे आणि दुरुस्ती लेखी मागणार आहे. निवडून आलेल्या बाकी दोघांपैकी एक सर म्हणालेत की मी अनुमोदन देतो. दुसऱ्यांची कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल प्राचार्यांच्या टेबलावर आहे, त्यांना मी काही विचारलेलं नाही.